जोती मेस्त्रींची दोरी

जोती मेस्त्रींइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि विट्यात कुणाच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचं काम निघालं की लोक त्यांच्याकडेच जायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे समजायला मला बराच वेळ लागला.

दुष्काळ पडायच्या एक-दोन वर्षं आधी आम्ही विट्याला राहायला गेलो. माझे यजमान गुरांचे डॉक्टर. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. आमचं भाड्याचं घर रस्त्याला लागून होतं आणि शेजारी मेस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्यांच्या अंगणात उघडायची. त्यांच्या हातून पाना पडला की मला कळायचं आणि माझी आमटी करपली की त्यांना.

मेस्त्री पाटणच्या वरच्या अंगाचे. पंधरा वर्षं पलटणीत गाड्या दुरुस्त करून आलेले. उंच, पाठीत वाकलेले, अंगात पलटणीतलीच खाकी पँट. उजवा कान कायम काळा. चाक हवेत फिरवायचं, पेचकसाचं टोक आसावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावून आतले छर्रे ऐकायचे, ही त्यांची पद्धत. डॉक्टर गाईच्या पोटाला ऐकायची नळी लावायचे तेव्हा त्यांचाही चेहरा असाच व्हायचा, पण डॉक्टर दोन मिनिटांत उठायचे. मेस्त्री पंधरा मिनिटं तसेच बसायचे. मग दुसऱ्या बाजूने तेच.

त्या काळी गाडीचा नवीन सुटा भाग मागवला तर सहा-सहा महिने यायचा नाही. त्यामुळे मेस्त्रींचं निम्मं काम एका गाडीचं काढून दुसरीला बसवायचं असे. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे शॉकअब्सॉर्बरचे दोन पाय असतात, त्याला ते चिमटा म्हणत. पलटणीच्या लिलावातल्या जड गाडीचा चिमटा दूधवाल्याच्या हलक्या गाडीला, कुणाच्या भंगारातलं चाक कुणाच्या चालत्या गाडीला. प्रत्येकाची मापं वेगळी. कुठे आस जाड, कुठे चिमटा रुंद. मग फटीत वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, भरा, घासा, पुन्हा लावा.

काम करताना हौसाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पितळी परात शेजारी लागायची. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर तीत काढल्या क्रमाने मांडायचा. काम संपल्यावर परात रिकामी झाली पाहिजे. त्यानंतर दोरी. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुती दोरी ताणून बांधायची आणि एक डोळा मिटून जमिनीवर पालथं पडून बघायचं, पुढचं चाक बरोबर मधोमध आहे का. दोरीवर त्यांचा फार विश्वास. "माणूस खोटं बोलंल, दोरी न्हाई बोलायची," म्हणायचे. आणि एवढं करूनही गाडी झाली असं कधी म्हणायचे नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलं, "झाली का मेस्त्री?" तर उत्तर ठरलेलं. "बघूया."

एकदा एका माणसाची गाडी गेल्यावर परातीत एक वायसर उरलेली सापडली. मी खिडकीतून बघत होते. मेस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. हातही न धुता एस.टी. पकडून ते त्या माणसाच्या गावी गेले, त्याला उसाच्या सरीतून बाहेर काढला आणि बांधावर गाडीचं पुढचं चाक उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी परत आले ते वायसर मुठीत धरून, गोंधळलेले. हौसाबाईंनी ती हातात घेऊन बघितली.

"आवं, ही माझ्या इस्टोची हाय. सकाळी शोध शोध शोधली मी."

"मग परातीत कशी आली?"

"परात माझीच हाय न्हवं."

मी खिडकीत हसले. मेस्त्री हसले नाहीत. ओट्यावर बसले आणि परातीचा तळ पुन्हा एकदा चाचपून बघू लागले.

पण त्यांची खरी रीत वेगळीच होती आणि तिच्यासाठी ते सगळ्या तालुक्यात माहीत होते. पुढच्या चाकाचं किंवा चिमट्याचं काम झालं की गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते स्वतः तिच्यावर एक फेरी मारायचे. गॅरेजपासून उताराने ओढ्याच्या पुलापर्यंत आणि परत. पुलाच्या अलीकडे पुढचा ब्रेक जोरात दाबायचा. आणि या फेरीला मागच्या सीटवर हौसाबाई बसायच्या. नऊवारीचा काष्टा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, एक हात मेस्त्रींच्या खांद्यावर. मागे हौसाबाई बसल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर जात नसे. कामात असतील तर हात धुऊन येत. भाकरी तव्यावर असेल तर गिऱ्हाईक भाकरी होईपर्यंत थांबे.

विट्याची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. असाच एक तरुण जत्रेसाठी गावी आला होता. त्याला आपल्या हलक्या गाडीला जड गाडीचं मागचं चाक आणि उंच शॉकअब्सॉर्बर बसवून हवे होते, कारण काय तर गाडी रुबाबदार दिसावी. मेस्त्रींनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्याची आई येऊन बसली तेव्हा कबूल झाले. मागच्या चाकाला त्यांचा नियम नव्हता, पण या कामाला त्यांनी तो लावला. हौसाबाई पदर खोचून बसायला आल्या तेव्हा तो पोरगा मित्रांकडे बघून म्हणाला, "मेस्त्री, गाडी टेस्ट करताय का बायको?"

मेस्त्री किक मारायच्या तयारीत तसेच थांबले. हौसाबाईच बोलल्या.

"गाडीच रं बाबा. मला टेस करून झाली पंधरा वर्सं. अजून एकदाबी बंद पडले न्हाई."

सगळे हसले. गाडी पुलापर्यंत जाऊन परत आली. मेस्त्री उतरले, चावी पोराच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घाटात जाऊ नगंस. हात जोडतो."

मला हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटायचा. काम नीट झालंय की नाही हे बघायला बायकोचा जीव कशाला टांगायचा? एके दिवशी हौसाबाई विरजण मागायला आल्या तेव्हा मी सरळ विचारलं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि ज्वारीच्या भावाबद्दल बोलावं तशा सांगू लागल्या.

मेस्त्रींचा धाकटा भाऊ आनंदा. पलटणीतून आल्या आल्या मेस्त्रींनी त्याला लिलावातली एक गाडी घेऊन दिली होती. तिचा चिमटा वाकडा होता. मेस्त्रींनी दुसऱ्या गाडीचा बसवला. आनंदा पाव्हण्यांकडे आंब्याची पाटी पोचवायला निघाला. पाटणच्या अलीकडच्या उतारावर पुढचं चाक जागीच थांबलं. फिरता फिरता थांबलं, एवढंच बघणाऱ्यांनी सांगितलं. आनंदा गाडीवरून पुढे फेकला गेला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

"मग कळलं का, काय झालं होतं?" मी विचारलं.

"तीच तर आग हाय वैनी. गाडी दरीत गेली. पुढचं सगळं तुकडं तुकडं. ह्यांनी म्हैनाभर दरी हुडकली. कुठला नट, कुठली वायसर, काय चुकलं, कायबी कळलं न्हाई. कळलं असतं तर येवढं एक जपलं असतं. कळलं न्हाई, म्हणून समद्यालाच भ्यात्यात."

त्यानंतर मेस्त्रींनी वर्षभर पान्याला हात लावला नाही. घरात खायला नव्हतं. शेवटी हौसाबाईंनीच तोड काढली. मीच मागे बसते, म्हणाल्या. माझा जीव तरी जपाल की नाही?

"आणि तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की. पुलाजवळ बिरेक दाबत्यात तवा डोळं मिटून घेते. पर ह्यांना सांगू नका."

विरजण घेऊन त्या गेल्या. त्यानंतर गाडी उताराला लागली की माझाही हात पोळपाटावर थांबायला लागला. परतीचा आवाज आला की लाटणं पुन्हा फिरायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे दुष्काळाचं साल आलं. आटपाडीकडे गुरांच्या छावण्या उघडल्या. एकेका छावणीत हजारावर जनावरं, वाळलेला चारा आणि गढूळ पाणी. डॉक्टर रोज मोटारसायकलवरून जायचे, भिवघाट चढून-उतरून. एक दिवस वळणावर उभ्या बैलगाडीच्या दांडीवर त्यांची गाडी आदळली. त्यांचं खरचटण्यावर भागलं, चाकही वाचलं, पण चिमटा वाकला. आणि त्याच आठवड्यात एका छावणीत घटसर्प सुरू झाला. सकाळी उभं असलेलं जनावर दुपारी आडवं. लस हाती येईल त्याच दिवशी तिथे पोचायला हवं, आणि त्या बाजूला एस.टी. दिवसातून एक.

मेस्त्रींकडे एक चिमटा होता. ती गाडी मागून ट्रकने चेपलेली, मालक जागीच गेलेला. पुढचं चाक आधीच कुणीतरी नेलं होतं, चिमटा मात्र सरळ होता. मेल्या माणसाच्या गाडीचा म्हणून तो वर्षभर कुणी घेतला नव्हता. मेस्त्रींनी मला बोलावून दाखवला. बहुधा डॉक्टरांपेक्षा माझी परवानगी त्यांना महत्त्वाची वाटली.

"चालंल का वैनी? नंतर मनात यायला नको."

"सरळ आहे का?"

"सरळ हाय. लोखंडाला भूत लागत न्हाई. बाक लागतो. बाक न्हाई."

"मग बसवा."

दोन दिवस ते काम चाललं. नवा चिमटा आमच्या चाकापेक्षा बोटभर रुंद होता. मेस्त्रींनी वायसर भरल्या, काढल्या, पुन्हा भरल्या. परात रिकामी झाली. दोरी ताणली. चाक मधोमध होतं, दोरी दोन्ही बाजूंना सारखी. पेचकस कानाला लावून झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठलाच डॉक्टर लशीची पेटी बर्फात भरून अंगणात उभे राहिले. गाडी उभी होती. पण मेस्त्री चावी देईनात.

हौसाबाईंना चौथा महिना लागला होता. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर. बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेले होते.

"मेस्त्री, मी बसतो मागे," डॉक्टर म्हणाले. "चला, फेरी मारा आणि मोकळं करा मला."

"तुमी बसून उपेग न्हाई डाक्टर."

"का? मला जीव नाही?"

"हाय की. पर तुमच्यापायी माझा हात थरथरत न्हाई. राग मानू नका."

डॉक्टर काही राग मानणारे नव्हते, पण पेटीतला बर्फ वितळत होता. छावणीतून आलेला माणूस फाटकाशी उभा होता, तो सारखा म्हणत होता, "सायेब, काल सात गेली. आज किती जात्यात कुणास ठावं." मेस्त्री मान खाली घालून पाना पुसत उभे. हौसाबाई दारात. कुणी काही ठरवत नव्हतं. मला असला खोळंबा सहन होत नाही.

मी म्हणाले, "हौसाबाई, दोन फर्लांग तर जायचंय. हळू चालवतील. बसा की."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही. आजवर कधी काही झालं नव्हतं, म्हणून आजही होणार नाही, असा माझा हिशेब. आणि दुसरंही एक होतं. ही गाडी माझ्या नवऱ्याला घेऊन घाटात जाणार होती. तिच्यावर आधी कुणीतरी बसून दाखवावं असं मलाही वाटत होतं. मी स्वतः बसते म्हणाले नाही.

हौसाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग चपला काढल्या, मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसल्या. मेस्त्रींनी किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. त्यांनी गिअर टाकला, पण क्लच सोडला नाही. मी खिडकीत नव्हते, दहा पावलांवर उभी होते, आणि मला त्यांच्या कोपराचं हाड हलताना दिसत होतं. गाडीचा दणका म्हणावं तर गाडी अजून जागची हलली नव्हती. पाठीमागे हौसाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आधीच.

मेस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"उतर."

"का वो?"

"उतर म्हणतो न्हवं."

त्या उतरल्या. मेस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, परात ओढली आणि पुढचं चाक पुन्हा खोलायला बसले. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि पेटी उचलून ते त्या माणसाबरोबर ट्रक मिळतोय का बघायला हमरस्त्याकडे चालत निघाले. मी तिथेच थांबले. मला जाववेना.

चाक उतरायच्या आधीच मेस्त्रींना ते दिसलं. पुढच्या चाकात ब्रेकची एक ताटली असते. चाक फिरतं, ताटली फिरत नाही, कारण तिच्या खाचेत चिमट्याची लोखंडी खुंटी अडकलेली असते. ही खुंटी सुटली की ब्रेक दाबताच ताटलीही चाकाबरोबर गरकन फिरते, ब्रेकची तार गुंडाळली जाते आणि चाक जागीच बसतं. चिमटा रुंद म्हणून मेस्त्रींनी दोन्ही बाजूंना सारख्या वायसर भरल्या होत्या. त्याने चाक मधोमध आलं, दोरी खूश झाली. पण ताटली खुंटीपासून तेवढीच लांब सरकली होती. खुंटीचं टोक खाचेत नखाएवढं टेकून होतं. हळू ब्रेकला टिकलं असतं. पुलाजवळच्या ब्रेकला नाही.

त्यांनी मला बोट लावून दाखवलं. मग हौसाबाईंना. मेस्त्री जमिनीवर बसले होते. त्यांनी बाजूची दोरी हातात घेतली आणि बोटाला गुंडाळायला लागले.

"आनंदाच्या गाडीचा चिमटाबी रुंद व्हता," ते म्हणाले.

हौसाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता."

"त्येलाबी मी दोरीच लावली व्हती. दोरी बरूबर आली म्हणून खूस झालो. खाच बघितलीच न्हाई."

इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते असं, आमच्या गाडीच्या चाकात सापडलं. मला वाटलं आता हा माणूस रडेल. ते रडले नाहीत. उठले, हात धुतले, हौसाबाईंनी काढून ठेवलेल्या चपला त्यांच्या पायांपुढे नीट सरकवल्या. मग खुंटी लांब करायला लोखंडाचा तुकडा शोधायला गेले. दुपारपर्यंत वेल्डिंग करून आणलं. खुंटी खाचेत पुरती शिरली. फेरी त्यांनी एकट्याने मारली. एकदा नाही, अकरा वेळा. मी मोजल्या. अकराही वेळा पुलाजवळ चाक कुरकुरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

डॉक्टर ट्रकने गेले होते ते तिन्हीसांजेला परत आले. छावणीत त्या दिवशी चार जनावरं गेली. सकाळी आठला निघाले असते तर किती गेली असती, हे मी विचारलं नाही. ते कुठल्या वळणावर पडले असते, हेही मी त्यांना लगेच सांगितलं नाही.

त्या गाडीने डॉक्टरांना पुढे कधी दगा दिला नाही. मेस्त्रींनी मात्र त्या दिवसानंतर हौसाबाईंना मागे बसवलं नाही. दोरी खुंटाळ्याला अडकवलेली राहिली. ते आता पाच-पाच वेळा खाच बघत, बॅटरी लावून, आरसा धरून. लोक म्हणाले, मेस्त्रींची भीती गेली. श्रावणात हौसाबाईंना मुलगी झाली. पुढे आमची साताऱ्याला बदली झाली आणि मेस्त्रींचं गॅरेज मागे राहिलं.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मी कऱ्हाडहून साताऱ्याला निघाले होते, स्टँडवर एस.टी.त खिडकीशी बसले होते. गाडी सुटायची वेळ झाली, कंडक्टरने घंटी मारली, तरी गाडी हलेना. ड्रायव्हर खाली डोकावून कुणाशी तरी बोलत होता.

"काय मामा, चाक विकत घ्यायचंय का?"

"मोजतोय रं. धा मिनिटं काय न्हाई लागत."

मी वाकून बघितलं. मेस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून प्रत्येक नटाला बोट लावत होते. तीच खाकी पँट. कान तसाच काळा. तेवढ्यात हौसाबाई मुलीला काखेत घेऊन वर चढल्या, मला बघून शेजारीच बसल्या. मुलगी तीन-साडेतीन वर्षांची, डोक्यावर लाल रिबिनीचं फूल. साताऱ्याच्या पुढे कुणा पाव्हण्यांकडे लग्नाला चालले होते.

"अजून तसंच?" मी विचारलं.

"पैल्यापेक्षा लय," त्या म्हणाल्या. "पैलं कळत नव्हतं म्हणून भ्यायचे. आता कळलंय म्हणून."

मग मुलीची रिबीन सारखी करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिशी तुमी बसा म्हणला न्हवं का वैनी, मी तुमच्यावर लय चिडले व्हते. पर बसले नसते तर त्यांनी उघडलंच नसतं."

त्या दिवसाचं हे असं मी माझ्या बाजूने कधी मांडलं नव्हतं, आणि त्यांनी मांडलं म्हणून ते मला घेताही येईना.

मेस्त्री वर आले. मला ओळखलं, हात जोडले, डॉक्टरांची आणि गाडीची चौकशी केली. गाडीची आधी. मी विचारलं, "आहेत का सगळे नट?"

"हायत," ते म्हणाले आणि ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे राहिले. जागा रिकामी होती तरी साताऱ्यापर्यंत बसले नाहीत. उतार आला की दांड्यावरची मूठ आवळायची.

साताऱ्याला मी उतरले. गाडी पुन्हा सुटली तेव्हा ते दाराच्या पायरीवर उभे होते. एका हाताने दार धरलेलं, दुसरा हात मागे, आत उभ्या मुलीच्या अंगावर. वाकून पुढच्या चाकाकडे बघत होते. कंडक्टर आत व्हा म्हणून ओरडत होता. घरी जायची मला घाई होती. गाडी वळणाआड जाऊन तिचा आवाज बंद होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.